खिडकीच्या गजाला लागलेलं पाणी

आमटीत प्लास्टर पडलं त्या दिवशी आमचं घर पाडायचं ठरलं. तोपर्यंत आई "या स्लॅबला अजून काही धाड भरत नाही" असं छातीठोकपणे सांगायची आणि मी "हो, तुला विचारूनच पडणार आहे तो" असं म्हणायचे. मग एका रविवारी, बरोब्बर आमटीच्या पातेल्यात, बशीएवढा पोपडा पडला. आई पातेल्यात वाकून बघत म्हणाली, "झाकण ठेवायला हवं होतं."

घर आमचं नदीकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीत, कसब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वडिलांनी नोकरीत असताना बांधलेलं, खाली दोन खोल्या आणि वर गच्ची. वडील गेले, मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे घरात आई आणि मी अशा दोघीच. मी बँकेत आहे. दिवसभर काउंटरवर बसून लोकांना "सर्व्हर डाऊन आहे" असं सांगते, त्यामुळे संध्याकाळी घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं. आई दिवसभर पुढच्या खोलीच्या खिडकीत बसून साड्यांना फॉल-पिको करते आणि संध्याकाळी टवटवीत असते. हे मला कधीच समजलेलं नाही.

ती खिडकी म्हणजे नुसती खिडकी नव्हे. गल्लीच्या रस्त्याला लागून, माणसाच्या छातीच्या उंचीवर, आणि गजांमधून एक घडी घातलेली साडी अलगद आत यावी एवढी फट. बायका चालता चालता थांबायच्या, साडी आत सरकवायच्या, "मावशी, गुरुवारपर्यंत हवी" म्हणायच्या आणि मग तिथंच गजाला धरून अर्धा तास उभ्या. कोणाच्या सुनेचं काय, कोणाच्या गुडघ्याचं काय, कोणत्या दुकानातला फॉल पहिल्या धुण्यात रंग सोडतो, सगळं त्या गजांमधून आत यायचं. वडील गेल्यावर आई कित्येक महिने धड बोलत नव्हती. विचारलं तर मान हलवायची, बस्स. मग एके दिवशी कोणीतरी साडी घेऊन खिडकीशी आलं, दुसऱ्या दिवशी आणखी कोणी, आणि महिन्याभरात आई माझ्यावर पुन्हा पहिल्यासारखी ओरडायला लागली. मला तेव्हा इतकं बरं वाटलं होतं की मी मोरीत जाऊन रडले होते. म्हणून त्या खिडकीचा विषय निघाला की मी हळवी होते, हे आधीच सांगून ठेवते.

नव्या घरासाठी आर्किटेक्ट गाठली. तरुण, हुशार, बोलताना अर्धं इंग्रजी. तिनं लॅपटॉपवर नकाशा उघडला. नदीच्या दोन्ही बाजूंना एक निळी रेघ आणि तिच्या बाहेर एक लाल रेघ. "काकू, या पुराच्या रेषा. निळ्याच्या आत बांधकाम झीरो. निळ्या आणि लालच्या मध्ये अलाउड आहे, पण राहायची खोली लाल रेषेच्या लेव्हलच्या वर पाहिजे. आपलं घर मध्ये आहे. म्हणजे खाली फक्त खांब, पार्किंग. जोतं वर."

"वर म्हणजे किती वर?" आईनं विचारलं.

तिनं हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला.

आईनं त्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या खिडकीकडे पाहिलं. "म्हणजे मी तिथं माळ्यावर बसायचं? आणि वर कोण येणार?"

"लिफ्ट बसवता येईल ना."

"अगं, पिको करायला लिफ्टनं कोण येतं? जाता जाता येतात माणसं. वर कोण येणार?"

त्यानंतरचे कित्येक दिवस आमच्या घरात हे एकच वाक्य होतं. पोळी लाटताना वर कोण येणार, दूध उकळताना वर कोण येणार. शेवटी मीच वैतागून आर्किटेक्टला फोन केला की काही सवलत मिळते का बघ. तर मिळते म्हणे. नियमाला शिथिलता मागता येते, कारण पटलं तर देतात. आम्ही अर्ज केला की तळमजल्यावर एकच खोली, फक्त कामासाठी, राहण्यासाठी नाही. तो नामंजूर झाला. मग अपील. आमच्या घराण्यात आजवर कोणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. हे काही कोर्ट नव्हतं, पण आईनं त्या निमित्तानं नवी पर्स घेतली.

सुनावणीच्या आधी आर्किटेक्टनं आम्हाला घरी येऊन पढवलं. मुद्दा साधा होता. आपल्या घरात पाणी क्वचित येतं, आलं तरी थोडं येतं आणि खोलीतलं सामान पटकन हलवता येतं. "काकू, तुम्ही फक्त एवढंच बोला की फारसं येत नाही. बाकी मी बघते." आणि शेजारचं कोणी हेच सांगायला आलं तर उत्तम.

समोरचे काका लगेच तयार झाले. खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कुठं जायचं हा त्यांचा रोजचा प्रश्न. त्या दिवशीपुरता तो सुटला. घर त्यांचं आमच्या बरोब्बर समोर, गल्लीच्या दुसऱ्या बाजूला. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनाच ती आहे, आईला तर जास्तच. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि गल्लीत शिरलं की दुसऱ्या दिवशी चिखल काढता काढता सगळे एकमेकांना विचारतात, "तुमच्याकडे कुठवर?" आणि कमी सांगणं कोणालाही जमत नाही. ज्याच्याकडे पाणी जास्त, तो त्या वर्षीचा मोठा माणूस. बाहेरच्यांना हे येडपटपणाचं वाटेल, पण तुम्ही एकदा फ्रिजमधून गाळ काढून बघा, मग कळेल की त्या बदल्यात निदान मान तरी मिळावा असं वाटतंच.

हे मी सुनावणीच्या आधी लक्षात घ्यायला हवं होतं. नाही घेतलं.

सुनावणी घेणारे साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, समोर चहाचा रिकामा कप. एका बाजूला एक बाई सगळं टाइप करत होत्या. आर्किटेक्टनं नकाशे मांडले, छान बोलली. साहेबांनी मान डोलावली आणि आईकडे वळले. "आजी, तुम्ही सांगा."

"आजी?" आई म्हणाली. "तुम्ही निवृत्तीला टेकलात, मी तुमची आजी कशी हो?"

मी डोळे मिटले. साहेब मात्र हसले. "बरं, बाई म्हणतो. घरात पाणी येतं का?"

"फारसं नाही," आई म्हणाली. अगदी पढवल्याप्रमाणे. मी मनातल्या मनात तिला पेढा भरवला.

मग काकांची पाळी. काका उठून उभे राहिले, शर्ट सारखा केला आणि म्हणाले, "मी साक्ष देतो साहेब. ज्या वर्षी सगळ्यात जास्त पाणी आलं, त्या वर्षीसुद्धा वहिनींकडे अगदी घोट्यापर्यंतच होतं." इथं थांबले असते तर त्यांच्या गळ्यात हार घातला असता. पण नाही. "आमच्याकडे गुडघ्याच्या वर होतं, ती गोष्ट वेगळी."

आईची मान वळली. मला पर्स घट्ट धरल्याचा आवाज ऐकू आला.

"घोट्यापर्यंत?" आई म्हणाली. "कोणाकडे घोट्यापर्यंत?"

"आई," मी म्हणाले.

"तू थांब. भावजी, घोट्यापर्यंत कोणाकडे म्हणालात?"

"अहो वहिनी, मी आपलं..." काकांनी डोळ्यांनी खुणा केल्या. आईला त्या दिसल्या नाहीत, किंवा दिसल्या आणि तिनं त्या उडवून लावल्या.

"माझ्याकडे खिडकीच्या गजाला पाणी लागलं होतं, साहेब! खालच्या आडव्या गजाला. मी इथवर भिजले होते," तिनं कमरेला हात लावला, "आणि हे गच्चीवर उभे राहून फोनमध्ये शूटिंग घेत होते."

"गजाला?" काकांचाही आता तोल गेला. "गजाला लागलं असेल तर मग माझ्याकडे कमरेच्या वर असणार! माझी बाजू खाली आहे."

"तुमची बाजू खाली? पावसाचं साधं पाणी कोणाच्या दारात साठतं?"

"वहिनी, माझा मीटर बुडाला होता!"

"माझ्या मशीनचं टेबल तरंगत होतं!"

टाइप करणाऱ्या बाई भराभर सगळं टिपत होत्या. पाणी वाक्यागणिक वाढत होतं. आर्किटेक्टनं कपाळाला हात लावला. मी छताकडे बघितलं, तिथला पंखा हळूहळू फिरत होता, आणि मला एकदम हसू फुटलं. भयंकर, न थांबणारं. नोकरीतला आणि घरातला सगळा ताण त्या हसण्यात बाहेर पडला बहुतेक. साहेबांनी मला पाणी दिलं.

आपण काय बोलून बसलो ते आईला तेव्हा कुठं कळलं. तिचा चेहरा बघवेना.

साहेब चिडले नाहीत. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि सावकाश म्हणाले, "बाई, पाणी घोट्याला लागो नाहीतर गजाला लागो, येतं ना? ज्या खोलीत तुम्ही कमरेपर्यंत भिजलात, ती खोली मी परत तिथंच बांधू देऊ? उद्या तुम्हाला काही झालं तर माझ्या सहीनं झालं असं होईल. खोली नाही देता येणार."

खरं सांगते, त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. पण तेव्हा मला त्यांचा भयानक राग आला.

"मग माझ्या बायका कुठं येणार?" आईनं विचारलं. भांडणाचा सूर नव्हता. नुसतं विचारलं.

साहेबांनी नकाशा स्वतःकडे ओढला. बराच वेळ जिन्यावर बोट फिरवत राहिले. "हा जिना आत का घेतलाय?"

आर्किटेक्ट म्हणाली, बाजूला मोकळी जागा सोडावी लागते, तिथं जिना चालत नाही.

"नियमाप्रमाणे नाही चालत. पण अपिलात तेवढी शिथिलता मी देऊ शकतो. पाण्याला वाट मोकळी राहिली म्हणजे झालं. जिना बाहेरून घ्या, रस्त्याच्या बाजूनं. मध्यावर एक रुंद टप्पा ठेवा. खुर्ची-टेबल मावेल असा. रस्त्यावरच्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. भिंती घालायच्या नाहीत, आणि सामान उचलून नेता येईल असंच ठेवायचं."

आई खुर्चीत पुढे सरकली. मला ते सरकणं ओळखीचं होतं. तुळशीबागेत भाव करताना ती अशीच सरकते. "टप्पा किती रुंद?"

साहेबांनी सांगितलं.

"त्यात माझी खुर्ची मावेल, येणाऱ्या बाईची कुठं ठेवू? आणखी थोडा."

साहेबांनी थोडा वाढवला.

"वर पत्रा?"

"पत्रा नाही. छप्पर आलं की बांधकाम आलं."

"छत्री?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "छत्रीला परवानगी लागत नाही, बाई."

"मग मोठी घेते," आई म्हणाली.

रिक्षात ती पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मी मनात भाषण तयार केलं होतं. एवढं पढवलं होतं, एक वाक्य पाठ करता आलं नाही, वगैरे वगैरे. संचेती चौकातल्या सिग्नलला ती म्हणाली, "चुकलं का गं माझं?"

"हो," मी म्हणाले.

"त्या पुराच्या दिवशी तू पुलापलीकडे अडकली होतीस. फोन लागत नव्हता. मी एकटीनं सगळ्यांच्या साड्या वर गच्चीत नेल्या. एक शालू होता, चार दिवसांवर लग्न असलेल्या पोरीचा. तो मी डोक्यावर धरला होता. एकीचीही साडी भिजली नाही. आणि हा म्हणतो, घोट्यापर्यंत." तिनं पदरानं नाक पुसलं. "घोट्यापर्यंत असतं तर त्यात काय मोठं केलं मी?"

त्या दिवशी ती किती घाबरली असेल हे मी तिला इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, आई काय, आई करतेच. मी तिचा हात धरला, तर म्हणाली, "सोड, पर्सचा बंद अडकतोय."

घर झालं. खांबांवर उभं, खाली मोकळं. बाहेरून जिना, मध्यावर तो टप्पा. आईनं आणलेली छत्री पाहून मी थक्क झाले; लग्नाच्या हॉलबाहेर रसवाल्याकडे असते तेवढी, लाल-पिवळी. टेबल लोखंडी, ते तिथंच. मशीनचं डोकं तेवढं उचलून संध्याकाळी घरात आणायचं आणि सकाळी परत खाली न्यायचं. कोणी? अर्थात मी. बँकेत जायच्या गडबडीत, खांद्याला डबा, हातात मशीन. "सावकाश गं, आपटशील," असं ती वरून सांगते, मशीनच्या काळजीनं.

बायका येऊ लागल्या. रस्त्यावरून हात वर करून साडी देतात, काही जणी टप्प्यावर येऊन बसतात. पण आईचं समाधान नव्हतं. टप्प्याच्या वर कोणी येत नाही ना! घर नवं, फरशी नवी, ओट्याला नवा काळा ग्रॅनाइट, आणि ते बघायला कोणी पुढच्या पायऱ्या चढत नाही. "अर्ध्यावर येतात आणि जातात," ती म्हणायची. "मी म्हटलं नव्हतं? वर कोण येणार!" वास्तुशांतीला आले होते सगळे, पण ते काही हिशोबात धरायचं नसतं म्हणे.

मग तो पावसाळा आला. महिन्यातला दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी, मी निवांत शेंगा सोलत बसलेली. धरण भरल्याची बातमी सकाळपासून होतीच. दुपारी लाउडस्पीकरची रिक्षा गल्लीतून फिरली: पाणी सोडणार आहेत, काळजी घ्या. गल्लीतली तरणी पोरं नेहमीप्रमाणे पुलावर पाणी बघायला गेली आणि नेहमीपेक्षा लवकर परत आली. गल्लीच्या खालच्या टोकाला रस्ता चमकायला लागला. मी पळत जाऊन मशीनचं डोकं वर आणलं, आईनं छत्री मिटली. साड्यांचं गाठोडं तिच्या काखेत आधीच होतं.

पहिली आली ती कोपऱ्यावरची, पिकोला पैठणी दिलेली. साडी न्यायला आली असेल असं मला वाटलं. तर तिच्या कडेवर नातू आणि हातात दुधाची पिशवी. "मावशी, तुमच्याकडे थांबू का हो जरा?" मग तिच्या मागं सासू. मग शेजारचं कुटुंब, त्यांच्या मागं त्यांच्या भाडेकरू पोरी, लॅपटॉप छातीशी धरून, विदर्भातल्या, आयटीतल्या. त्या पहिल्यांदाच आमच्या दारात आल्या होत्या. दर खेपेला हे सगळे पालिकेच्या शाळेत जायचे. यंदा कोणी काही ठरवलं नव्हतं, पण जो तो आमचा जिना चढत होता. कोणी पातेलं घेऊन, कोणी चार्जर, कोणी देवाची पितळी मूर्ती टॉवेलात गुंडाळून.

आई दारात उभी. "चपला बाहेर. छत्र्या टप्प्यावर. फरशी नवी आहे." आणि प्रत्येकाला ओट्याचा ग्रॅनाइट दाखवत होती.

सगळ्यात शेवटी समोरचे काका. डोक्यावर सूटकेस, हातात शिट्टी न झालेला कुकर, पँट वर दुमडलेली. खालूनच ओरडले, "वहिनी! माझ्याकडे गुडघ्याच्या वर गेलं!"

खोलीतले सगळे आईकडे बघायला लागले. गल्लीत त्या सुनावणीची गोष्ट माहीत नाही असा माणूस उरलेला नव्हता.

आई नव्या खिडकीशी गेली. वाकून त्यांच्या घराकडे पाहिलं. खाली आमच्या खांबांमधून गढूळ पाणी वाट काढत मुकाट पुढे चाललं होतं.

"गुडघ्याच्या कुठलं, भावजी," ती म्हणाली. "कमरेला लागलंय तुमच्याकडे. मला इथून दिसतंय."

काका जिन्यावर थांबले. त्यांना हे अपेक्षित नव्हतं. "आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे काही नाही यंदा. घोट्यापर्यंतसुद्धा नाही. या तुम्ही वर, कुकर द्या इकडे."

काका वर आले. जिंकल्याचा आनंद त्यांना घेता येईना. ते नुसते ओल्या पायांनी पायपुसण्यावर उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, त्या वर्षी गजाला लागलं होतं. मी गच्चीवरून बघितलं होतं." आई "बसा" एवढंच म्हणाली आणि कुकर घेऊन गॅसकडे वळली. मला ती पाठमोरी दिसत होती, तरी तिनं पदरानं नाक पुसलेलं मला समजलं.

संध्याकाळपर्यंत आमच्या वरच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. खिचडी, वरणभात, कोणाची अर्धी शिजलेली भाजी, सगळं एकाच ओट्यावर. नातू गाठोड्याला टेकून झोपला होता. मी चहा गाळत होते आणि आई शेजारी कप मांडत होती, कप पुरेनात म्हणून वाट्यासुद्धा. मध्येच ती थांबली. खोलीभर नजर फिरवली, मोजल्यासारखी, आणि मला कोपर मारून हळूच म्हणाली, "अगं, बरं झालं त्या साहेबानं नाही म्हटलं. खालच्या खोलीत एवढी माणसं कुठं मावली असती?"